घरातला एक

ताट भिरभिरत गेलं आणि बांधापलीकडच्या वाफ्यात पालथं पडलं. कालवण कांद्याच्या पातीवर सांडलं, आणि इतका वेळ लिंबाखाली डोळे मिटून बसलेलं कुत्रं शेपूट हलवत तिकडं निघालं.

"अळणी! आज पण अळणी!" थोरला गरजला. "अगं, बैलाच्या आंबोणात तरी मूठभर मीठ टाकतेस. मी बैलाहून गेलो काय?"

"बैलाला बीपी नाय," वहिनी म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही की मान वर केली नाही. खुरपं चालूच होतं.

धाकट्याला हसू फुटलं, पण त्यानं ते घासाबरोबर गिळलं. थोरल्यासमोर हसायची त्याची छाती नव्हती. छप्पन्न गावचं पाणी प्यालेली माणसंसुद्धा थोरल्यासमोर जपून बोलायची. सारा गाव त्याला भोंगा म्हणायचा, आणि ते काही उगाच नाही. ह्या शिवारातून त्यानं हाळी दिली की ओढ्यापलीकडची गुरं चरायची थांबायची. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना हाका मारायला मुद्दाम त्यालाच उभं करायचे. धाकट्याचा आवाज मात्र त्याच्या स्वतःच्याच कानापर्यंत जेमतेम पोचायचा. एका आईच्या पोटचे दोघे. तेच नाक, त्याच मिशा, पाठमोरे उभे राहिले तर बायकांनीसुद्धा फसावं. पण एकाला देवानं नगारा दिला आणि दुसऱ्याला टाळसुद्धा देऊ नये! आता बोला.

"ताट फेकून बीपी उतरत नाय," वहिनी पुढं म्हणाली. "आज मंगळवार आहे. गोळ्या संपल्यात. मुकाट दवाखान्यात जाऊन या."

"आज पाण्याची पाळी आहे."

"पाळीला भावजी थांबतील."

"हा?" थोरल्यानं धाकट्याकडं असं बघितलं, जसं कुणी दात पडलेल्या कुत्र्याकडं बघतं. "मागं थांबला होता. वरच्या वाडीवाल्यानं ह्याला तंबाखू चोळायला दिली आणि तेवढ्यात पाणी आपल्या रानात वळवून घेतलं. ह्याची तंबाखू मळून होईस्तोवर आपले चार वाफे कोरडे!"

ते खरंच होतं.

ह्या पाटाचा कायदा असा, की ज्या घराची पाळी त्या घरातला एक माणूस पाणी अडवणाऱ्या फळीपाशी हजर पाहिजे. पाटकरी सायकलवरून यायचा, माणूस बघायचा आणि फळी उचलायचा. माणूस नसला तर पाणी पुढच्या घराला. घरातला कोण, हे मात्र कुणी विचारायचं नाही. बाप असो, सून असो. पाण्याचंच कशाला? मयताला जायचं असो, गावच्या बैठकीला बसायचं असो, कुणाच्या घराचा पाया खणायला हात लावायचा असो, घरातला एक गेला म्हणजे घर गेलं. बापजाद्यांपासून गाव असंच चाललेलं.

आता थोरल्याचं बीपी कसं सापडलं, ते सांगायला हवं. वर्षापूर्वी दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर शाळेत तपासणीला आल्या होत्या. हा तिथं गेला तो चेष्टा करायला. म्हणाला, "बाई, माझं पण बघा, माझं रक्त लई गरम." त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि त्यांचं तोंडच उतरलं. पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, "दादा, चेष्टा पुरे. खरंच गरम आहे." तेव्हापासून सकाळची एक गोळी, रात्रीची एक गोळी, मीठ कमी, आणि महिन्याला एका मंगळवारी दवाखाना. पण ह्याचं ना डोकं दुखायचं, ना छाती. पोत्याची थप्पी एकटा लावायचा. "दुखत नाय ते दुखणं कसलं?" म्हणायचा. गोळी घ्यायचा तीसुद्धा वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन छातीवर उभी राहायची म्हणून.

"जातो बाई, जातो," शेवटी तो म्हणाला. धोतराला लागलेली माती झटकली आणि निघाला. धाकट्याला म्हणाला, "चल रे, फळीपर्यंत सोबत चल."

बाभळीच्या वळणावर, वहिनी दिसेनाशी झाली तिथं, तो थांबला.

"बारक्या, तू जाऊन ये."

"कुठं?"

"दवाखान्यात. गोळ्या घेऊन ये. मी पाण्यावर थांबतो."

"अरे दादा, पण वहिनी..."

"वहिनीला कोण सांगतंय? घरातला एक गेला की झालं. पळ."

धाकटा गेला. थोरल्यानं सांगावं आणि ह्यानं पळावं, हे तो चालायला शिकला तेव्हापासूनचं होतं.

दवाखाना शेजारच्या मोठ्या गावात. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर, छपराखाली लांब बाक. बाकावर बीपीवाले आणि साखरवाले दाटीवाटीनं बसलेले. त्यात ह्यांच्याच गावातली एक म्हातारीही होती. तिनं धाकट्याला बघून सरकून जागा दिली. जुन्या सिस्टरची बदली होऊन नवी आली होती. तरुण पोर, आवाज करारी, पण तोंड हसरं.

तिनं थोरल्याचं नाव पुकारलं. धाकटा उठला. आत जाऊन म्हणाला, "गोळ्या पाहिजेत."

"गोळ्या अशा नाही मिळत, दादा. आधी पट्टा, मग गोळ्या. बसा. बाही वर करा."

माझं नाही, भावाचं आहे, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. पण भावाला घेऊन या म्हणाली तर? मोकळ्या हातानं परत जायचं, थोरल्याच्या शिव्या खायच्या, वहिनीला कळायचं ते वेगळंच. म्हटलं, बसू. एका दंडानं काय आभाळ कोसळतंय? त्यानं बाही वर केली.

पट्टा फुगला, दंड आवळला, मग हळूहळू सैल पडला. सिस्टरनं जुना आकडा बघितला, आताचा बघितला, आणि टाळीच वाजवायची बाकी राहिली.

"वा, दादा, वा! केवढं वर होतं आणि कुठं आलं! एकदम छान." तिनं पडद्यातून बाहेर तोंड काढलं आणि बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं, "बघा ह्यांच्याकडं! मीठ सोडलं, गोळ्या नीट घेतल्या, की असं होतं. नाहीतर तुम्ही!"

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. धाकट्याचे कान तापले. त्याला जन्मात कुणी 'बघा ह्याच्याकडं' म्हटलं नव्हतं. म्हटलं असलं तर 'बघा ह्याच्याकडं, ह्याला काही जमत नाय' असंच. तो खाली मान घालून बाहेर आला. म्हातारीनं डोळा मिचकावला. तिला सगळं कळलं होतं, पण त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

"कोण का असेना, घरातलाच ना," ती पुटपुटली.

घरी आल्यावर वहिनी दारातच उभी. थोरला पाणी भरून आधीच आला होता, जणू काही दवाखान्यातूनच आलाय अशा थाटात पाय धूत होता. ओटीवर जाता जाता धाकट्यानं त्याच्या हातात गोळ्या सरकवल्या आणि कानात दोन शब्द सांगितले.

"काय म्हणाली सिस्टर?" वहिनीनं विचारलं.

"एकदम छान म्हणाली!" भोंगा वाजला. "उठून सगळ्यांना सांगितलं, बघा म्हणाली ह्यांच्याकडं!"

वहिनी पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून आत गेली. धाकट्यानं बघितलं, तिचे डोळे भरले होते. वर्षभर ह्या बाईनं शिव्या खाल्ल्या, ताटं वेचली, स्वतःसुद्धा अळणी गिळलं, त्याचं फळ मिळालं असं तिला वाटलं. धाकट्यानं मान फिरवली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

त्या रात्रीच्या कालवणात चिमूटभर मीठ जास्त होतं. वहिनीनंच टाकलं होतं, बक्षीस म्हणून.

एकदा वाट पडली की पाय आपोआप तिकडंच वळतो. दुसऱ्या महिन्यातही दवाखान्याच्या मंगळवारी पाळी होतीच. तिसऱ्यातही. मंगळवारचं पाणी ह्यांच्या घराचं आणि बीपीवाल्यांचा वारही मंगळवार, ह्याला कोण काय करणार? धाकटा जायचा, बाही वर करायचा, सिस्टर खूश व्हायची. पुढं पुढं तर बाकावरची माणसं त्याला विचारायला लागली, "दादा, तुम्ही काय खाता? किती चालता?" आणि हा शहाणा सांगायलाही लागला! सकाळी लवकर उठतो म्हणाला, डोक्याला ताप करून घेत नाही म्हणाला. त्या छपराखाली तो थोरला होता. तिथं त्याचा आवाजसुद्धा थोडा मोठा निघायचा. खरं सांगायचं तर, मंगळवारची तो वाट बघायला लागला होता.

मग एकदा डॉक्टरीणबाईंनी आकडे बघितले आणि म्हणाल्या, "इतकं छान राहतंय, तर रात्रीची गोळी बंद करून बघू. पण दर महिन्याला यायचं हं, न चुकता."

तेव्हा मात्र धाकटा चपापला. घरी जाताना बाभळीच्या वळणावर त्यानं थोरल्याला गाठलं.

"दादा, आता हे बास. त्यांनी रात्रीची गोळी बंद केली."

"मग चांगलंच झालं की!"

"अरे, दंड माझा आहे! गोळी तुझी बंद झाली!"

थोरला हसला. त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "येड्या, एका आईचं दूध प्यालोय आपण. तुझं रक्त ते माझं रक्त. तुझं चांगलं तर माझं वाईट कसं असेल?"

धाकट्याला ते पटलं नाही. पण इतक्या मायेनं थोरला त्याच्याशी कधी बोलला नव्हता. त्या एका वाक्यावर तो गप्प बसला. म्हणाला एवढंच, "पुढल्या बारीला तू चल."

"येतो. कांदा निघू दे, येतो."

उन्हं तापली. माती पायाखाली खापरीसारखी वाजायला लागली. थोरला मधेच बांधावरच्या झाडाला धरून उभा राहायचा. एकदा वाकून पात उपटताना नाकातून रक्त आलं. "उष्णतेचं आहे," म्हणाला आणि डोक्यावर पाणी ओतून घेतलं. सकाळची गोळी वहिनी न चुकता द्यायची. रात्रीचं विचारलं तर तो म्हणायचा, "डॉक्टरीणबाईंनी बंद केली, जा विचार." आणि कालवणाला आता पूर्वीसारखी चव होती. ताट फेकायचं कारण उरलं नव्हतं.

पुढला मंगळवार आला. कांदा रानातच होता. "ही एकच बारी," थोरला म्हणाला. धाकटा उंबऱ्यात घुटमळला. त्या दिवशी त्यानं ठरवलं होतं, सिस्टरला सांगून टाकायचं. वाटेनं वाक्य जुळवत गेला. 'बाई, रागावू नका, पण मी तो नव्हे.' दहादा म्हणून बघितलं. बाकावर बसला तेव्हाही ओठ हलत होते.

नाव पुकारलं. आत गेला. सिस्टर म्हणाली, "या, आमचे पहिल्या नंबरचे!" आधी मोजू दे, मग सांगू, असं म्हणून त्यानं बाही वर केली. पट्टा फुगायला लागला.

तेवढ्यात बाहेर सायकल आपटल्याचा आवाज झाला आणि पाटकरी धापा टाकत पडदा सारून आत आला.

"बाई, गाडी पाठवा! लवकर! आमच्या गावात माणूस पडलाय पाटावर. तोंड वाकडं झालंय, हात उचलेना!"

"कोण? नाव काय?"

पाटकऱ्यानं नाव सांगितलं.

सिस्टर म्हणाली, "अहो, असं काय करता? ते तर इथं बसलेत. हे काय."

पाटकऱ्यानं तेव्हा खुर्चीकडं बघितलं. "बारक्या? तू इथं?" तो म्हणाला. "अरे, दादा पडला तुझा! फळी उचलायला हाळी दिली, आणि हाळी अर्धीच आली."

पट्टा धाकट्याच्या दंडावर गच्च आवळलेला होता. सिस्टरच्या हातातला फुगा तसाच राहिला. तिनं एकदा ह्याच्या तोंडाकडं बघितलं, एकदा पाटकऱ्याच्या, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू पुसलं गेलं.

"हे काय केलंत हो तुम्ही?" ती एवढंच म्हणाली. "माझ्या आकड्यांवर गोळी बंद झाली त्यांची."

रागावली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

गाडी गेली, थोरल्याला घेऊन शहरातल्या मोठ्या इस्पितळात पोचली. जीव वाचला. उजवं अंग गेलं, आणि आवाज गेला. सगळ्या शिवाराला ऐकू जाणारा तो भोंगा आता घशातून नुसती घरघर काढायचा, तीसुद्धा तोंडाशी कान नेला तरच कळायची.

इस्पितळाच्या जिन्यात धाकट्यानं वहिनीला सगळं सांगितलं. सांगण्यापूर्वीच पाटकऱ्याकडून तिच्या कानावर गेलं होतं, तरी सांगितलं. आपले पाय धरलेले त्याचे हात तिनं सोडवले.

"तुम्ही दोघं भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही ठरवलंत, तुम्ही निभावलंत. पण भावजी, मीठ कुणी टाकलं?"

धाकट्यानं मान वर केली.

"मी टाकलं. ह्या हातानं. छान आलंय म्हणून रोज थोडं थोडं वाढवत गेले. त्यांना आवडतं म्हणून." तिनं स्वतःचा हात उलटासुलटा करून बघितला. "मला एकदा खरं सांगायचंत. मी कानाला धरून नेलं असतं. कांदा जळला असता तर जळू दिला असता."

आणि मग ती रडली. धाकटाही रडला. येणारी जाणारी माणसं त्यांना चुकवून वर चढत होती.

त्या वर्षी कांदा निम्मा रानातच सुकला. पण त्याचं काय एवढं? कांदा पुन्हा लावता येतो.

आता दवाखान्याच्या मंगळवारी पाणी पुढच्या घराला जातं. पाटकरी फळीपाशी थोडा थांबतो, बांधावरून बघतो, आणि निघून जातो. एकदा तो म्हणाला, "बारक्या, तुझ्या नावानं उचलतो मी फळी, तू नसलास तरी. मी कुणाला सांगणार नाय." धाकटा म्हणाला, "नको. जो हजर नाय, तो हजर नाय."

थोरल्याला बैलगाडीत गवत अंथरून नेतात. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेते, धाकटा गाडी हाकतो. ज्याला दवाखान्यात जायला वेळ नव्हता, त्याला आता वेळच वेळ आहे. सिस्टर नाव पुकारते तेव्हा थोरल्याला 'ओ' देता येत नाही. "आलेत," असं धाकटा म्हणतो. मग ती जवळ येते, थोरल्याचा चेहरा नीट न्याहाळते आणि मगच पट्टा बांधते. तिची काही चूक नाही. दुधानं तोंड पोळलंय तिचं.

पहिल्यांदा नेलं त्या दिवसाची गोष्ट. थोरल्याचं मोजून झालं. तो डाव्या हातानं काहीतरी खुणा करायला लागला. कुणाला कळेना. शेवटी त्यानं धाकट्याची बाही धरली आणि दंडापर्यंत वर सारली. मग खुर्चीकडं बोट दाखवलं.

"ह्यांचं बघू म्हणताय?" सिस्टरनं विचारलं.

थोरल्यानं मान हलवली.

धाकटा खुर्चीत बसला. सिस्टरनं त्याचं नाव विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं तिथं आपलं नाव सांगितलं. पट्टा फुगला, आवळला, सैल पडला. धाकटा डोळे मिटून बसला होता. एवढं सगळं झालं, झोप गेली, अन्न गेलं. निदान आता तरी आकडा वर जावा, आपल्यालाही काहीतरी व्हावं, असं त्याला आतून वाटत होतं.

"छान आहे," सिस्टर हळूच म्हणाली. "एकदम छान."

बाकावर कुणी मान वळवली नाही. धाकट्यानं बाही खाली केली, आणि तिथंच खुर्चीत हमसून हमसून रडायला लागला. थोरल्यानं डावा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्याला काही म्हणायचं होतं. ओठ हलले, घरघर आली. काय म्हणाला ते कळलं नाही.

घरी पोचेस्तोवर दिवस कलला होता. वहिनीनं चूल पेटवली, जेवण केलं. आता दोघांच्याही ताटात एकच कालवण असतं, आणि तिच्याही. तिनं थोरल्याला भिंतीला टेकवून बसवलं, घास मऊ करून त्याच्या तोंडात घातला. त्यानं हळूहळू चावला. ओठाच्या कडेनं ओघळ आला तो तिनं पुसला. दुसरा घास. तिसरा.

"अळणी आहे हो," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी.

वहिनीचा हात थांबला. तिनं ताट त्याच्या डाव्या हाताशी सरकवलं आणि त्याची बोटं ताटाच्या काठावर नेऊन ठेवली.

"भिरकवा की," ती म्हणाली. "एकदा भिरकवा. मी वेचून आणते."

त्याची बोटं काठावर तशीच राहिली. तो तिच्याकडं बघत होता, आणि तोंड घासासाठी उघडंच होतं.